कुत्र्याचे अन्न आणि कुत्र्याचा स्वभाव



कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ही म्हण आपण वापरतो माणसांना उद्देशून. पण तिच्यात कुत्र्याविषयीचे एक मतही दडलेले आहे. ते असे, की कुत्र्याचा स्वभाव जन्मतःच ठरलेला असतो आणि त्याला कोणी काही करू शकत नाही. एखादे कुत्रे चावरे निघाले, की 'जातच तसली' असे म्हणून आपण मोकळे होतो.

पण त्याच आळीत दुसरे एक गृहस्थ असतात. ते म्हणतात, "अहो, तुम्ही त्याला मटण चारता ना, म्हणून तो अंगावर येतो. आठ दिवस दूधपोळीवर ठेवा, गाईसारखा गरीब होईल." 'अन्न तसे मन' हा त्यांच्या बोलण्यामागचा आधार. आणि तिसरे एक अनुभवी गृहस्थ असतात. त्यांचे म्हणणे, राखणीचे कुत्रे नेहमी अर्धपोटी ठेवावे, पोटभर जेवले की ते झोपते आणि चोर घर धुऊन नेतो.

आता ही तीन मते एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. एकजण सारे रक्तावर टाकतो, दुसरा ताटातल्या पदार्थावर आणि तिसरा रिकाम्या पोटावर. यांतले खरे कोणते? कुत्र्याचे पोषण आणि त्याचे वागणे यांचा काही संबंध आहे का, आणि असल्यास तो कसा ओळखायचा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. मी पशुवैद्य नव्हे. तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवणे हा माझा व्यवसाय. तेव्हा औषध सांगण्यापेक्षा कारण कसे शोधावे, याकडे माझा कल राहील, हे आधीच सांगून ठेवतो.

हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा आहे असे मात्र समजू नका. कुत्र्याचे वागणे बिघडले म्हणजे कोणाचे तरी पोर चावले जाते. आणि त्या कुत्र्याच्या नशिबी काठी येते, साखळी येते, किंवा एखाद्या संध्याकाळी त्याला गाडीत घालून दूर रस्त्यावर सोडून देण्यात येते. ज्याला आपण दुष्टपणा समजलो तो जर दुखण्याचा किंवा उपासमारीचा परिणाम असेल, तर हा अन्याय आहे. आणि शिवाय त्यातून चावण्याचे संकट टळत नाही ते नाहीच.

या विषयात एक प्रकरण असे घडून गेले आहे, की ते कोणाही विद्यार्थ्याने मुळातून समजून घ्यावे. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये कुत्र्यांत एक चमत्कारिक विकार दिसू लागला. चांगले शांत, घरात वाढलेले कुत्रे एकाएकी घाबरल्यासारखे करी. डोळे विस्फारलेले, तोंडाने भुंकणे नाहीतर किंचाळणे, आणि जणू पाठीमागे कोणी लागले आहे अशा तऱ्हेने ते घरभर धावत सुटे. भिंतीवर आपटे, सामानाखाली शिरे, मालकाला ओळखीनासे होई. काही वेळा शेवटी आचके येऊन ते आडवे पडे. थोड्या वेळाने सारे ओसरून पुन्हा पूर्वीसारखे शांत. लोक त्याला कुत्र्यांचा हिस्टेरिया म्हणू लागले. कोणी धावण्याचे झटके म्हणत.

कारण काय असावे? तर्क पुष्कळ झाले. कोणी म्हणाले जंत, कोणी म्हणाले साथीचा रोग, कोणी म्हणाले नाजूक जातींचा जन्मजात भित्रेपणा. खाण्याकडेही बोट दाखवणारे लोक होते, कारण मांसावर पोसलेल्या कुत्र्यांपेक्षा पाव-बिस्किटांवर पोसलेल्या कुत्र्यांत हा विकार अधिक आढळे. पण त्यांतल्या काहींचा तर्क असा, की अशा खाण्यात काहीतरी उणे पडत असावे, एखादे जीवनसत्त्व किंवा प्रथिनांतला एखादा घटक. तर्क वाईट नव्हता. त्या काळात जीवनसत्त्वांचे शोध एकामागून एक लागत होते. त्यामुळे जे जे बिघडेल ते कसल्या तरी उणिवेने, असे वाटणे साहजिकच होते.

याचा उलगडा सर एडवर्ड मेलन्बी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने केला. मेलन्बी हे नाव मुडदुसाच्या संशोधनामुळे आधीच प्रसिद्ध होते. १९१८ नंतरच्या काही वर्षांत त्यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवले होते, की मुडदूस हा आहारातल्या उणिवेचा रोग आहे आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टळतो. म्हणजे पुढे कितीतरी मुलांचे पाय वाकडे होण्यापासून वाचले, त्यात या पिल्लांचा वाटा आहे. याच मेलन्बींनी १९४६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात कुत्र्यांच्या हिस्टेरियाविषयी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

ते निष्कर्ष समजण्यासाठी आधी गव्हाच्या पिठाची गोष्ट ऐकली पाहिजे. नुकत्याच दळलेल्या पिठाचा पाव चांगला फुगत नाही. पीठ काही आठवडे ठेवून मुरवले, म्हणजे ते जरा पांढरे होते आणि पावही चांगला होतो. पण गिरणीवाल्याला इतके दिवस पोती ठेवणे परवडत नाही. म्हणून पिठातून नायट्रोजन ट्रायक्लोराइड नावाचा वायू खेळवण्याची युक्ती निघाली. 'एजीन' हे त्याचे व्यापारी नाव. आठवड्यांचे काम थोड्या वेळात होऊ लागले. पाव पांढराशुभ्र आणि गिऱ्हाईक खूष. १९२० नंतर ही पद्धत ब्रिटन-अमेरिकेत सर्रास रूढ झाली.

मेलन्बींनी केले ते इतके सोपे, की ते आधी कोणाला सुचू नये याचे नवल वाटते. त्यांनी कुत्र्यांना वायू दिलेल्या पिठाचे खाणे चालू केले. काही दिवसांनी झटके सुरू झाले. तेच पीठ, पण वायू न दिलेले, घातले, झटके नाहीत. बाकीचा आहार तोच. आमच्या तर्कशास्त्रात याला व्यतिरेक पद्धती म्हणतात. दोन प्रसंगांत सर्व काही सारखे आणि एकाच गोष्टीचा फरक. तो फरक केला की कार्य घडते, काढून घेतला की थांबते. मग कारण तेच, हे मानावे लागते. वर्गात आम्ही याची जी पुस्तकी उदाहरणे देतो, त्यांपेक्षा हे उदाहरण किती जिवंत आहे बघा!

पुढे पाच वर्षांच्या आत रसायनशास्त्रज्ञांनी नेमके विषही वेगळे काढले. गव्हाच्या चिकात, म्हणजे ग्लुटेनमध्ये, मेथिओनीन नावाचे एक अमिनो आम्ल असते. त्याच्यावर या वायूची क्रिया होऊन मेथिओनीन सल्फॉक्झिमीन नावाचा पदार्थ तयार होतो. मेंदूत एका विकराचे, ग्लुटामीन सिंथेटेजचे, काम असे, की पेशींना उत्तेजित करणाऱ्या द्रव्याचा आणि अमोनियाचा निचरा करीत राहायचे. हा नवा पदार्थ त्या विकरालाच अडकवून ठेवतो. निचरा थांबला, की मेंदूत खळबळ; आणि ती खळबळ बाहेर दिसते धावण्याच्या आणि किंचाळण्याच्या रूपाने. अमेरिकेत १९४९ साली ही पद्धत बंद झाली. ब्रिटनमध्येही पुढे काही वर्षांत दुसरी पद्धत आली. माणसांना असले झटके आल्याचे आढळले नाही, ही सुदैवाची गोष्ट. पण तोच पाव माणसेही पाव शतक खात होती. पिठात काय मिसळले जाते, याविषयी पहिला मोठा इशारा कुत्र्यांनी दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

या प्रकरणातून मला तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली, जे वागणे भित्र्या स्वभावाचे किंवा बिघडलेल्या जातीचे वाटत होते, ते स्वभावाचे नव्हतेच. दुसरी, कुत्री उपाशी नव्हती, भरल्या पोटी होती; आणि त्यांच्या खाण्यात काही उणे आहे असे लोक समजत असताना खरा दोष होता काहीतरी अधिक असण्याचा. तिसरी, हे कळले ते एका वेळी एकच बदल करून पाहिल्यामुळे. या तिसऱ्या गोष्टीकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

आता उणिवेमुळे वागणे बिघडते, हेही खोटे नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात एके काळी पेलाग्रा नावाचा रोग फार होता. मक्याच्या पिठावर दिवस काढणाऱ्या गरिबांना तो होई. कातडी काळी पडे, जुलाब लागत, आणि शेवटी भ्रम होऊन माणसे वेड्यांच्या इस्पितळात जात. कुत्र्यांत याच्या जोडीचा रोग म्हणजे 'काळी जीभ'. डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी ते साम्य हेरून कुत्र्यांवर प्रयोग केले. आणि १९३७ साली एल्व्हेजेम यांनी दाखवले, की निकोटिनिक आम्ल या ब गटातल्या जीवनसत्त्वाने काळ्या जिभेचे कुत्रे बरे होते. त्याच औषधाने मग माणसेही बरी होऊ लागली.

या रोगाचा धागा आपल्या दख्खनपर्यंत येतो. ज्वारीवर राहणाऱ्या लोकांतही पेलाग्रा आढळतो, याची मीमांसा हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉक्टर गोपालन आणि डॉक्टर श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडली. ज्वारीत ल्युसीन हे अमिनो आम्ल जास्त असते आणि ते आड येते, असे त्यांचे मत. पुढे त्याविषयी मतभेद झाले; परंतु एकाच धान्यावर सारा भार टाकू नये, हे सूत्र कायम राहिले. आपल्याकडच्या कुत्र्याच्या वाट्याला ज्वारीची भाकरी येते हे आपण जाणतोच. भाकरीत दोष नाही. नुसत्या भाकरीत आहे.

दुसरे उदाहरण थायमिनचे, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचे. १९३२ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात चॅस्टेक यांच्या फार्मवरच्या पाळीव कोल्ह्यांना कच्चे मासे घालण्यात येत होते. कोल्ह्यांना पक्षाघातासारखा विकार होऊन ते मरू लागले. शोधाअंती कळले, की काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिनचा नाश करणारे द्रव्य असते. कोल्हा हा कुत्र्याचा भाऊबंदच. थायमिन कमी पडले की कुत्र्याची प्रथम भूक जाते, मग ते झोकांड्या खाते, भांबावते, झटके येतात. मासे शिजवले की ते द्रव्य निकामी होते. किनारपट्टीच्या गावांतून कुत्र्यांना मासळीची डोकी-आतडी घालतात. ती उकळून घालावीत, एवढे केले तरी पुरे.

बरं, मटणाने कुत्रे तापट होते या समजुतीचे काय? तिच्यात तथ्य किती, हे पाहण्याचे प्रयत्न झाले आहेत. २००० साली अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ३३ कुत्री घेतली. ११ मालकावर गुरगुरणारी, ११ घराच्या हद्दीत कोणी आले की अंगावर जाणारी, आणि ११ अतिचंचल. त्यांना पाळीपाळीने चार तऱ्हेचे खाणे एकेक आठवडा दिले. जास्त प्रथिनांचे व कमी प्रथिनांचे, आणि त्या प्रत्येकात ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल वरून मिसळलेले व न मिसळलेले. आढळले ते असे. मालकावर गुरगुरणाऱ्या कुत्र्यांचा तिखटपणा, जास्त प्रथिने पण वरचे ट्रिप्टोफॅन नाही, अशा खाण्यावर सर्वांत अधिक होता. हद्दीसाठी भांडणारी कुत्री, कमी प्रथिनांच्या खाण्यात ट्रिप्टोफॅन मिसळल्यावर, ते न मिसळलेल्या तशाच खाण्यापेक्षा निवळली. चंचल कुत्र्यांविषयी असे ठळक काही निघाले नाही.

याचे कारण समजण्यासारखे आहे. मेंदूत सेरोटोनिन नावाचे एक द्रव्य असते. आवेग आवरून धरण्याशी त्याचा संबंध आहे, आणि ते ट्रिप्टोफॅनपासून बनते. पण ट्रिप्टोफॅनला मेंदूत शिरायला जो दरवाजा आहे, त्याच दरवाजातून इतर काही अमिनो आम्लेही शिरतात. यात्रेच्या दिवशी एस. टी.च्या दारात जशी रेटारेटी चालते, तसा प्रकार. प्रथिने भरपूर खाल्ली, की ट्रिप्टोफॅन वाढते, पण बाकीची गर्दी त्याहून अधिक वाढते. आणि हा बिचारा अशक्त उतारू खालीच राहतो.

इथे टाळी वाजवून मटणवाल्या गृहस्थांना विजयी ठरवण्याचा मोह होईल, पण थांबा. हा प्रयोग ३३ कुत्र्यांचा आणि प्रत्येक खाण्याला एकच आठवडा मिळालेला. शिवाय मुद्दा प्रथिनांच्या प्रमाणाचा होता, मांसाचा नव्हे. पुढे २००९ साली नेदरलंडमध्ये घरोघरच्या १३८ सौम्य भित्र्या कुत्र्यांना आठ आठवडे ट्रिप्टोफॅन देऊन पाहिले. रक्तातले ट्रिप्टोफॅन वाढले. पण वागण्यात फरक दिसला नाही. तात्पर्य, अन्नातला हा धागा खरा आहे, पण बारीक आहे. त्याने काही विशिष्ट कुत्र्यांना थोडे साहाय्य होईल; लांडग्याचे कोकरू होणार नाही.

आणि मांस अजिबात बंद करून नुसत्या दूधपोळीवर कुत्रे ठेवणे हा तर दुसऱ्या टोकाचा अतिरेक. कुत्रा माणसाच्या सहवासात राहून पिष्टमय अन्न पचवायला शिकला आहे, हे खरे. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवले, की पिष्ट पचवणाऱ्या विकराचे जनुक लांडग्यात दोन प्रती असते, तर कुत्र्यात ४ पासून ३० प्रतींपर्यंत. आपल्या उकिरड्यावरून आणि उष्ट्याखरकट्यावरून त्याने हा गुण कमावला. म्हणून पोळी-भाकरी त्याला पचते. पण स्नायू, रक्त, कातडी सांभाळायला प्रथिने लागतात, लोह लागते. शाकाहारी घरात डाळ, दही, आणि चालत असेल तर अंडे, यांची जोड दिलीच पाहिजे. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध बाधते आणि जुलाब होतात, हेही ध्यानात असू द्यावे.

उलट नुसते मांस चारणारा शौकीनही तितकाच चुकतो. मांसात स्फुरद फार आणि कॅल्शियम अगदी थोडे. वाढते पिल्लू नुसत्या मांसावर ठेवले, तर शरीर आपल्याच हाडांतले कॅल्शियम काढून वापरते. हाडे पोकळ होतात, दुखतात, जराशा उडीने मोडतात. असे पिल्लू उचलायला गेले की गुरगुरते, मुलांनी मिठी मारली की दात दाखवते. घरातले म्हणतात, "एवढासा आहे, पण रागीट किती!" राग नव्हे हो, ते दुखणे आहे. न बोलणाऱ्या प्राण्याजवळ 'दुखते' हे सांगायला दुसरी भाषा कोणती?

व्यायलेल्या कुत्रीची गोष्टही अशीच. पिल्ले मोठी होऊ लागली की तिची अन्नाची गरज नेहमीच्या तिप्पट-चौपट होते. आपण तिला तेवढीच भाकरी टाकतो आणि ती ताटाजवळ कोणाला येऊ देत नाही म्हणून रागावतो. लहान जातींच्या कुत्रींत तर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातले कॅल्शियम एकाएकी उतरते. ती बेचैन होते, धापा टाकते, पिल्लांकडे पाहात नाही, अंगाला कंप सुटतो. हा स्वभावातला बदल नव्हे, ही तातडीची वेळ आहे. घटका दोन घटकाही न दवडता तिला पशुवैद्याकडे न्यावे. गाभणी असताना मनाने कॅल्शियमच्या गोळ्या चारू नयेत. त्याने हा धोका वाढतो.

आता तिसऱ्या गृहस्थांकडे, म्हणजे अर्धपोटी राखणदाराकडे वळू. भुकेले कुत्रे रात्री जागे राहते, हे कबूल. पण ते जागते चोरासाठी नव्हे, अन्नासाठी. भुकेने चोरी येते, उकिरडा येतो, माती-चिंध्या खाणे येते, आणि ताटाची राखण येते. एकदा ताट हिसकले जाण्याची भीती बसली, की पुढे पोटभर मिळाले तरी ती लवकर जात नाही. माती चाटणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत आधी जंत पाहावेत. आकड्या जंत रक्त पितात, पंडुरोग होतो, आणि मग नको ते खाण्याची ओढ लागते.

मात्र प्रत्येक मागणारे कुत्रे भुकेले असते असेही नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले, की लॅब्रेडॉर जातीच्या सुमारे चौथाई कुत्र्यांत भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्यांची अन्नाची हाव जास्त आणि वजनही जास्त. म्हणजे इथे पहिल्या गृहस्थांचे 'रक्त' थोडेसे खरे ठरले म्हणायचे! अशा कुत्र्याच्या डोळ्यांतली करुणा पाहून लाडू देत गेलात, तर त्याचा जीव जाईल.

रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी आपल्याच देशात चांगले काम झाले आहे. कोलकात्याच्या आयसर या संस्थेतील संशोधकांना असे आढळले, की रस्त्यावरच्या पिल्लांना मांसाची उपजत आवड नसते. मोठी कुत्री मात्र मांसाचा वास येईल ते आधी उचलतात. म्हणजे ही निवड अनुभवाने येते. त्याच संस्थेच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की अनोळखी माणसाने वारंवार खाऊ दिला त्यापेक्षा डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा रस्त्यावरची कुत्री त्याच्याकडे अधिक विश्वासाने येऊ लागली. कोणत्याही अनोळखी कुत्र्याला हात लावा, असे मी यावरून सुचवीत नाही. पण भाकरीच्या तुकड्याने सगळे विकत घेता येते, ही आपली कल्पना कुत्र्याच्या बाबतीतसुद्धा पुरी खरी नाही, एवढे दिसते. म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांवर झालेल्या दोन वर्षांच्या एका प्रयोगातही सुधारलेले अन्न, आणि त्याच्या जोडीला सोबत, फिरणे व खेळ, असे दोन्ही मिळालेल्या कुत्र्यांची बुद्धी सर्वांत चांगली टिकली. पिल्लूपणी, तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या सुमारास, माणसांची सवय झाली नाही, तर पुढे कितीही पौष्टिक खाणे घाला, ते कुत्रे बिचकतच राहणार.

तेव्हा करायचे काय? काही साध्या गोष्टी सांगतो.

सर्वांत आधी एक इशारा. कुत्र्याचे वागणे एकाएकी बदलले, ते विनाकारण चावू लागले, किंवा अंधारात तोंड लपवून बसले, लाळ गाळू लागले, आवाज बसला, गिळता येईना, तर अन्नाचा विचार बाजूला ठेवा. पिसाळण्याची शंका धरा आणि त्याच्या तोंडात हात घालू नका. कोणाला चावलेच, तर जखम ताबडतोब साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हा रोग एकदा अंगात दिसू लागला, की त्यावर इलाज चालत नाही. हळद, चुना, मंत्र यांत वेळ घालवून माणसे गेली आहेत.

ही शंका नसेल, तर पशुवैद्याकडून जंत, दात, कान आणि सांधे तपासून घ्यावेत. त्यानंतर एक वही करावी. काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, आणि कुत्रे केव्हा बिघडले, एवढ्या तीन गोष्टी पंधरा दिवस लिहाव्यात. यकृतात जन्मजात दोष असलेली पिल्ले प्रथिनांच्या जेवणानंतर शून्यात पाहतात, भिंतीला डोके टेकून उभी राहतात. लहान जातींची पिल्ले फार वेळ उपाशी राहिली की थरथरतात. वही नसेल तर हे ध्यानातच येत नाही. चॉकलेटाने कुत्रे अस्वस्थ होते, थरथरते, मरतेही; झायलिटॉल घातलेला च्युइंग गम, कांदा, मनुका हेही त्याला विषच. झटका आला त्या दिवशी घरात वाढदिवस होता का, हे वहीत सापडेल.

आणि मग मेलन्बींची रीत. एका वेळी एकच बदल करा. अन्न बदलायचे तर आठवडाभरात हळूहळू बदला, आणि त्याच आठवड्यात शिक्षक, पट्टा, झोपायची जागा बदलू नका. नाहीतर गुण कशाने आला हे कळणार नाही, आणि बाजारातला कोणीही येऊन 'माझ्या पुडीने आला' म्हणून सांगेल.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालणाऱ्या सज्जनांना एवढेच सांगणे, की घालायचे तर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी घालावे. मुलांची खेळायची जागा, जिना, प्रवेशद्वार यांपासून ती जागा दूर असावी, असे २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही सांगितले आहे. जिथे अन्न पडते ती जागा कुत्रे आपली समजते आणि राखते. पुण्य आपण करायचे आणि चावा शाळेतल्या पोराने घ्यायचा, असे होऊ नये. दोन घास घालण्याबरोबर नसबंदी आणि लस यांची व्यवस्थाही पाहिली, तर ते दान पुरे झाले.

नामदेवांच्या पुढची पोळी कुत्र्याने पळवली, तेव्हा ते काठी न घेता तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कोरडी पोळी त्याला बाधेल, ही त्यांची चिंता. आपण कोणी नामदेव नाही. पण पोळी पळवणाऱ्या, गुरगुरणाऱ्या, घरभर धावणाऱ्या त्या जनावराच्या पोटात काय गेले आहे आणि काय गेलेले नाही, हे काठी उचलण्याआधी विचारायला संत असावे लागत नाही. वहीतली चार पाने आणि थोडा धीर एवढ्यावर ते भागते. शेपूट वाकडे असेल तर असू द्या. वागणे पुष्कळदा सरळ होऊ शकते.